विनावापर मोकळी जागा

जुनी खण, कोल्हापूर
ता. ४ एप्रिल २००१, बुधवार

चि. ज्ञानदेव यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. खुशाली मागनं सांगते, आधी हे ऐक.

खणीच्या ज्या काठावर आबांच्या काळापासनं आपली जनावरं पाण्यात बसत्यात, त्या काठाला पालिकेच्या कागदात "विनावापर मोकळी जागा" असं लिवलंय. माझ्या टाचेच्या भेगांत त्या काठाचा चिखल हाय अजून, आणि म्हणे विनावापर.

झालं असं. तुझे दाजी तालमीच्या कट्ट्यावर बसून पेपर वाचत्यात, हे तुला म्हाईत हायच. गेल्या आठवड्यात हसत हसत घरी आले आणि म्हणाले, खणीभोवती बाग होणार. फिरायला फरशीचा रस्ता, पोरांना घसरगुंडी, पाण्यात पायानं चालवायच्या होड्या, वरच्या अंगाला कॅरम-व्यायामाचा हॉल. मी विचारलं, म्हशी कुठं? तर म्हणाले, ते काय छापलेलं न्हाय. त्यांना साखर निघाल्यापासनं डाक्टरनं चालायला सांगितलंय. फरशीच्या रस्त्याचं नाव काढलं की गडी नवरदेवासारखा हसतोय. घरातच फितुरी, बाहेर कुणाला बोलू?

मी पालिकेत गेले. भिंतीवर ह्यो मोठा नकाशा लावलाय आणि खाली तक्ता. मला नुसती चौथी, ती बारीक सरकारी अक्षरं लागंनात. तिथल्या टेबलावरच्या मुलीनं वाचून दाखवलं. पूर्वेचा काठ, पायऱ्यांपासनं चिंचेपर्यंत, वापर न्हाय. जनावरं आढळली न्हाईत, शेण आढळलं न्हाय.

आता तुला खरं सांगते, कारण तुझ्याशी खोटं बोलून काय उपयोग. ते आढळलं न्हाय, कारण आम्हीच हलवलं. फेब्रुवारीत सांगावा आला, की उद्या परवा मोठे साहेब खण बघायला येणार. शेजारची झुंबरबाई म्हणाली, येणारा पावणा शेणात पाय घालून जावा का? मला बी पटलं. दोन दिवस म्हशी तिच्या भावाच्या मळ्यात नेऊन बांधल्या. शेणी उचलल्या, खुंट काढले, पायऱ्या घासल्या. मी तर सडा घालून रांगोळी बी काढली, ज्ञानू. साहेबांना घरचा दाट चहा केला. त्यातला एकजण म्हणाला, मावशी, किती स्वच्छ ठेवलाय काठ. मी फुगले. तो लगेच वहीत काहीतरी लिवत होता. मला वाटलं माझं कौतुक लिवतोय.

पाण्याबिगर म्हैस म्हंजे काय, हे तुला मी सांगायला नको. दुपारी दोन तास पाण्यात बसली न्हाय, तर चैत्रात संध्याकाळी पान्हा चोरती. दुधाच्या कट्ट्यावर गिऱ्हाईक तांब्या घेऊन उभं असतंय, त्याच्या डोळ्यांसमोर धार काढायची असती. तिथं म्हशीनं लाथ झाडली तर मी काय त्याला पावडरचं दूध देऊ? आता माझ्याजवळ चांदरी आणि तिची रेडी, एवढीच दोन जनावरं हाईत. पण त्यांच्यावर माझं घर उभं हाय, आणि दाजींच्या गोळ्या बी.

हरकत असंल तर सव्वीस तारखेच्या आत लेखी द्या म्हणाली ती मुलगी. तू पुण्यात नकाशाच्याच हापिसात हाईस. काय लिवायचं, कसं लिवायचं, ते कळव. फोन करू नको. फोनवर तू नुसता हं हं करतोस. कागदावर हं हं लिवता येत न्हाय.

अनुजाला आणि यशराजला आशीर्वाद. माया हाय तशीच असूदे, पण उत्तर आधी येऊदे.

तुझी,
चिमाक्का


पुणे
१० एप्रिल २००१

ती. आक्कास ज्ञानूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. रांगोळीचे वाचून हसू आले आणि मग बराच वेळ आले नाही. तू चिडू नकोस. चिडलीस तरी त्या टेबलावरच्या मुलीवर चिडू नकोस, तिच्या हातात काही नसते.

या कामाची पद्धत अशी असते. आधी जागेची पाहणी होते. कोण कुठे बसतो, काय धुतो, काय बांधतो, ते त्या दिवशी दिसेल तसे तक्त्यात भरतात. फोटो काढतात. मग तक्त्यावरून नकाशा होतो. एकदा तक्ता भरला की पुढे सगळे त्याच्यावरच बोट ठेवतात. म्हणून नुसते "आम्ही वापरतो" असे लिहून भागणार नाही, जोडीला कागद लागेल.

घरात शोध. खणीचे नाव आणि तुझे नाव एकत्र आलेला कुठलाही सरकारी कागद चालेल. जनावरांच्या दवाखान्याचा असेल, एखादा जुना फोटो असेल, ज्यात म्हशी पाण्यात दिसतात. आणि हसू नकोस, पण पाण्यात जनावरे सोडल्याबद्दल कधी दंड झाला असेल तर ती पावती सगळ्यात उत्तम. पालिकेनेच दिलेली, तारखेसकट. तिला कोणी खोटी म्हणू शकणार नाही.

अर्ज साधा लिही. बाग नको असे म्हणू नकोस. बाग होऊ दे, पण पूर्वेला जनावरांसाठी वीस फुटांचा उतार ठेवा, एवढेच माग. मोठे मागितले की मोठे नाकारतात.

इकडे सगळे ठीक. यशराजची परीक्षा संपली. अनुजा म्हणते, वन्संना आता जरा विश्रांती मिळायला हवी, कितीदा सांगायचे. मीही तेच म्हणतो, पण तुला ते आवडत नाही, म्हणून इथेच थांबतो. कामाचा ताण आहे, उशिरा लिहिल्याबद्दल रागावू नये.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ज्ञानू


जुनी खण, कोल्हापूर
ता. १९ एप्रिल २००१

चि. ज्ञानू यास आशीर्वाद.

कागद शोध म्हणालास. शोधले. ट्रंक उपडी केली. जनावरांच्या दवाखान्याचा कागद हाय, त्यावर म्हशीचं वय हाय, शिंगं हाईत, खणीचं नाव न्हाय. फोटो एकच, तुझ्या लग्नातला, पायऱ्यांवरचा. फोटोवाल्यानं त्या दिवशी म्हशी बाजूला घ्यायला लावल्या होत्या, आठवतंय? सगळी माणसं झकपक आणि मागं रिकामं पाणी. तो फोटो मी दिला असता तर त्यांचंच खरं झालं असतं.

राहिली दंडाची पावती. आरोग्य खात्याचे हंबीरराव तुझ्या ओळखीचे न्हाईत, तू गेल्यावर ते आले. वीस वर्सं झाली. पाण्यात जनावरं सोडू नयेत अशी पाटी हाय, आणि पाटीखालीच आमची जनावरं. पण माणूस मोठा शहाणा. वळणावरच शिट्टी वाजवायचा आणि मग सावकाश सायकल ढकलत यायचा. तो पोचंस्तोवर आम्ही म्हशी बाहेर काढून, अंगावरचं पाणी निथळत, देवळातनं आल्यासारख्या उभ्या. वीस वर्सांत एक पावती फाटली न्हाय. ह्याचा मला लई अभिमान होता. गल्लीत सांगत फिरायची, की चिमाक्काला कुणी धरून दाखवावं.

आता स्वतःलाच धरून द्यायची पाळी आली. सोमवारी भर दुपारी चांदरीला नेमकं पाटीखाली पाण्यात घातलं आणि मी पायरीवर बसले. शिट्टी वाजली. मी हलले न्हाय. परत वाजली. झुंबरबाई वरनं हाका मारायला लागली, की आगं उठ. मी म्हटलं, तू गप बस. हंबीरराव जवळ आले, मला बघितलं, म्हशीला बघितलं. मी म्हटलं, फाडा पावती, माझं पूर्ण नाव घाला आणि खणीचं नाव घाला. त्यांना वाटलं मला ऊन लागलंय. मग मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि पावतीबुक परत खिशात घातलं. म्हणाले,

"मावशी, माझी पोरगी तुमच्या दुधावर वाढली. माझ्या हातनं तुमची पावती फाटायची न्हाय."

मी हात जोडले. म्हटलं, पावती नको, मग दोन ओळी लिहून तरी द्या, की ही बाई रोज इथं म्हशी घालती. तर म्हणाले, तसं लिवलं तर साहेब मला विचारतील, हंबीरराव, वीस वर्सं तुम्ही काय करत होता? पुढच्या वर्सी त्यांचं रिटायर हाय.

चांगला माणूस. वाईट असता तर माझं काम झालं असतं.

अर्ज दिला. तू सांगितलास तसाच, वीस फूट उतार. मागं कागद काहीच न्हाय. त्या मुलीनं घेतला, शिक्का मारला, आणि खालच्या आवाजात म्हणाली, मावशी, पुरावा मिळाला तर सुनावणीत घेऊन या.

आता दुसरी गोष्ट. तुझी पत्रं हापिसाच्या पाकिटात येत्यात. पाकिटाच्या कोपऱ्यात निळं घर हाय, छपराला झाड चिकटलेलं. अर्ज द्यायला गेले तवा तुझं पाकीट पिशवीतच होतं. भिंतीवरच्या नकाशाच्या कोपऱ्यात बी निळं घर हाय, छपराला झाड चिकटलेलं. मी पाकीट शेजारी धरून बघितलं. घराखालची इंग्रजी अक्षरं मला लागत न्हाईत, पण घर कुणाचं हाय ते मला कळतंय.

हा नकाशा तुमच्या हापिसानं केला का? व्हय का न्हाय, तेवढंच लिही. पद्धत कशी असती ते परत सांगू नको.

बाकी ठीक. दाजी चालायला लागल्यात, अजून रस्ता झाला न्हाय तरी. पोराला आत्याचा पापा.

चिमाक्का


पुणे
२५ एप्रिल २००१

ती. आक्कास सा. न.

होय.

एवढेच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण मग तू मला जन्मभर ओळखणार नाहीस, म्हणून पुढचे लिहितो.

काम आमच्या ऑफिसचे आहे, आणि नकाशा मी काढलेला आहे. मार्चमध्ये पाहणीचे तक्ते आणि फोटो माझ्या टेबलावर आले. जुनी खण असे वर वाचले आणि मला आनंद झाला होता, आक्का. वाटले, आपल्या गावाचे काम आपल्या हाताला आले. मग फोटो पाहिले. पूर्वेचा काठ स्वच्छ, पायऱ्या धुतलेल्या, आणि एका कोपऱ्यात रांगोळी. ती कोणाची ते मी लगेच ओळखले. तू कुयरीचे टोक नेहमी डावीकडे वळवतेस.

मी सरांकडे गेलो. म्हटले, इथे म्हशी असतात. त्यांनी तक्ता समोर ठेवला आणि विचारले, कुठे आहेत? मी म्हटले, मी तिथलाच आहे. ते म्हणाले, पालिकेला तुमच्या आठवणी द्यायच्या की पाहणी? रागावून नाही म्हणाले. माणूस वाईट नाही. मी परत येऊन बसलो आणि काठावर बाकडी काढली.

दुसऱ्यांदा गेलो नाही. का गेलो नाही, हे मी स्वतःला बरेच दिवस वेगळे सांगत होतो. तुला खरे लिहितो. मला वाटले, चला, आता तरी आक्काचे शेण काढणे सुटेल. पन्नाशी उलटली, गुडघे गेले, आणि पहाटे चारला उठणे चालूच. मी सांगून तू ऐकत नाहीस, नकाशाने सांगितले तर ऐकशील. आणि अजून एक. इथे लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, बहिणीचा दुधाचा व्यवसाय आहे. म्हशी म्हणत नाही.

मुलांच्या कोपऱ्यात काहीतरी गावातले हवे, असे सर म्हणाले तेव्हा मी म्हैस सुचवली. सिमेंटची, मुलांना वर बसता येईल अशी, पाण्याकडे तोंड केलेली. ती मंजूर झाली. शिंगे चांदरीच्या आईची काढली आहेत, आठवून आठवून. एवढेच माझ्या हातात होते. हे लिहिताना मलाच माझी लाज वाटते, पण काढताना फार बरे वाटले होते.

आता नकाशात मी बदल करू शकत नाही. पालिकेने सांगितले तरच होतो, आणि पालिका सुनावणीनंतरच सांगेल. सुनावणीला आमच्या बाजूने सर स्वतः येणार आहेत.

रागाव, पण पत्र लिहायचे थांबवू नकोस.

ज्ञानू


जुनी खण, कोल्हापूर
ता. २ मे २००१, बुधवार

चि. ज्ञानदेव यास आशीर्वाद. ते रागात बी द्यायचे असत्यात, म्हणून दिले.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. तिसऱ्यांदा शेवटापर्यंत गेलेच न्हाय, सिमेंटच्या म्हशीपाशीच थांबले. दाजींना ते वाचून दाखवलं. म्हणाले, दिसंल की छान. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले न्हाय. तिला पाण्याकडं तोंड करून बसवलीस, आणि जिला पाणी लागतंय तिला हाकललीस.

माझे हाल संपतील म्हणून तू गप बसलास. माझे हाल तुला दाखवून मी कधी रडले होते का? पहाटे चारला उठते, कारण चारला चांदरी उठती. मी तिला उठवत न्हाय, ती मला उठवती. तुला मला विसावा द्यायचा होता तर चार दिवस येऊन धार काढायची होतीस. काठ कशाला पुसलास?

बोलले. झालं. आता कामाचं.

परवा सोमवारी सुनावणीची नोटीस आली. गुरुवार, दहा मे, सकाळी अकरा. त्यात लिवलंय, की पुरावा जोडलेला न्हाय, तरी प्रत्यक्ष माहिती असलेला साक्षीदार असंल तर हजर ठेवावा. मी त्या टेबलावरच्या मुलीला विचारायला गेले. ती म्हणाली, ज्यांच्या म्हशी हाईत त्यांचं एवढं धरत न्हाईत, ते आपल्या फायद्याचं बोलणार. गल्लीतल्या बाकीच्यांना बाग पाहिजे हाय, आणि त्यांचं बी काय चुकलं? पोरं रस्त्यावर खेळत्यात, बायकांना बसायला जागा न्हाय. मी त्यांच्या आड न्हाय. पण ते माझ्यासाठी उभे राहणार न्हाईत. कट्ट्यावरच्या गिऱ्हाईकांनी दूध बघितलंय, काठ कुणी बघितला न्हाय. हंबीररावांचं तुला म्हाईत हायच.

झुंबरबाईनं तर नोटीस यायच्या आधीच दोन्ही म्हशी विकल्या. दोन दिवस दाव्याला हात लावून बसली होती. मला म्हणाली, रांगोळी तू काढलीस पण मळ्यात न्यायचं मी काढलं, दोघी सारख्याच. तिचं गिऱ्हाईक आता माझ्याकडं येतंय आणि मला धार काढताना लाज वाटती.

मुलगी म्हणाली, असा माणूस पाहिजे, की ज्याची आता म्हैस न्हाय, पण ज्यानं हा काठ बघितलाय, आणि ज्याला नकाशातलं कळतंय. असा माणूस साऱ्या जगात एकच हाय, आणि तो पुण्यात बाकडी काढत बसलाय.

तू यायचं. साहेबाच्या समोर उभं राहायचं आणि सांगायचं, की दहा वर्सांचा असल्यापासनं मी ह्या पाण्यात म्हशी घातल्या, शेपटीला धरून पोहायला शिकलो, पूर्वेचा काठ विनावापर न्हाय. एवढंच. तुझा सर तिथं बसलेला असणार, मला कळतंय. उद्या तो तुला घरी बस म्हणंल, ते बी कळतंय. यशराजची शाळा हाय, घराचा हप्ता हाय, अनुजा काय म्हणंल ते हाय. मी ते न बघता मागत न्हाय. बघून मागते.

न्हाय जमत तर न्हाय लिही. मी तुला तोंडानं वाईट बोलले, तरी मनात धरणार न्हाय. मी तुला अंगाखांद्यावर वाढवलाय, नोकरीच्या माणसाची भीती काय असती ते हंबीररावांत बघितलंय. पण हं हं करू नको. प्रयत्न करतो, बघतो, सुट्टी मिळाली तर, असलं काय बी लिहू नको. मी ते वाचून वाट बघत बसंन, आणि मला वाट बघायला वेळ न्हाय.

कारण उचगावचा व्यापारी झुंबरबाईच्या म्हशी घेऊन गेला, तवाच चांदरी बघून गेलाय. मंगळवारी आठ तारखेला टेम्पो घेऊन येतोय. रेडी बी घेतो म्हणाला. दाजी म्हणत्यात, देऊन टाक, जनावर दुधात हाय तोवर चांगल्या दावणीला जाईल. पाण्याबिगर ती पुढचा उन्हाळा माझ्याकडं काढणार न्हाय, हे मला बी दिसतंय. मी त्याला अजून व्हय म्हटलं न्हाय आणि न्हाय बी म्हटलं न्हाय. म्हटलं, सोमवारी सांगते.

तुझं "येतो" आलं, तर मी त्याला दारातनं परत लावीन आणि तुझ्यासाठी गुरुवारी पहाटे एस्टी स्टँडवर येईन. "येत न्हाय" आलं, तर मंगळवारी दावं सोडून त्याच्या हातात देईन, आणि गुरुवारी तरी बी जाईन. तिथं उभी राहून काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं न्हाय. म्हशी विकून आलेल्या बाईला उतार कशाला पाहिजे, असं कुणी विचारलं तर?

हे पत्र तुला शुक्रवारी मिळंल. त्याच दिवशी जेवायच्या सुट्टीत उत्तर टाक. शनिवारवर ढकललंस तर मधी रविवार येतोय. मला सोमवारी, सात तारखेला, दुपारच्या टपालात तुझा कागद पाहिजे. साध्या पाकिटात घाल, निळं घर नको.

आशीर्वाद.
तुझी आक्का